बाउंडरी लेअरची जाडी मोजायची तरी कुठपर्यंत?

दुसरा पेपर
फ्लुइड मेकॅनिक्स परत पहिल्यापासून वाचायला घेतलंय. कॉलेजात हा भाग पाठ करून लिहिला होता, मार्कही मिळाले, पण आता कामासाठी खरंच समजून घ्यायचंय आणि बाउंडरी लेअरपाशी (भिंतीला घासून मंदावलेल्या हवेचा पातळ थर) येऊन गाडी अडलीये. पुस्तकात व्याख्या अशी की भिंतीपासून ज्या अंतरावर वेग बाहेरच्या वेगाच्या ९९ टक्के होतो ते अंतर म्हणजे जाडी. इथेच पहिली शंका, ९९च का? ९५ का नाही, ९९.९ का नाही? मग पुढच्याच पानावर आणखी दोन जाड्या येतात, डिस्प्लेसमेंट थिकनेस आणि मोमेंटम थिकनेस, दोन्हींची इंटिग्रल्स दिलीयेत, ती सोडवता येतात मला, पण एकाच थराला तीन जाड्या कशाला लागतात ते कळत नाही.

आणि सगळ्यात जास्त छळतेय ती आकृती. प्लेटच्या पुढच्या टोकापासून निघून हळूहळू वर चढणारी तुटक रेघ असते ना, ती मी इतकी वर्षं प्रवाहरेषाच समजत होतो, म्हणजे आतली हवा आत, बाहेरची बाहेर. काल एका उदाहरणात विचारलं होतं की या रेघेतून आत किती हवा शिरते ते काढा. रेघ जर थराची कड आहे तर तिच्यातून हवा आत कशी शिरेल? कुणी नीट समजावून सांगेल का, लांबलचक लिहिलंत तरी चालेल, वाचायची तयारी आहे.

हिशेबी
९९चं उत्तर सोपं आहे, तो संकेत आहे, निसर्गात तिथे काहीही घडत नाही. भिंतीला टेकलेल्या हवेचा वेग शून्य, तिथून वर जावं तसा वेग वाढत जातो आणि बाहेरच्या वेगाच्या जवळ जवळ जात राहतो, पण गणिताने पाहिलं तर पूर्ण १०० टक्के कधीच होत नाही. मग कुठेतरी बोट ठेवायला हवं म्हणून ९९वर ठेवलं.

आकडे घेऊन बघ म्हणजे पटेल. सपाट प्लेट, हवा १० मीटर प्रति सेकंद, पुढच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर आपण उभे आहोत. हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा), म्हणजे न्यू, ०.००००१५ चौरस मीटर प्रति सेकंद धर. रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले लांबी भागिले न्यू) येतो ३ लाख ३३ हजार, म्हणजे प्रवाह अजून लॅमिनार, पापुद्र्यांनी सरळ वाहणारा आहे (सपाट प्लेटवर साधारण ५ लाखांच्या आसपास टर्ब्युलंट, म्हणजे भोवऱ्यांचा, व्हायला लागतो असं धरतात). आता न्यू गुणिले एक्स भागिले यू (एक्स म्हणजे टोकापासूनचं अंतर, यू म्हणजे बाहेरचा वेग), याचं वर्गमूळ काढ, ते येतं ०.८७ मिमी. हीच या जागेची खरी मोजपट्टी. ब्लासियसने सपाट प्लेटसाठी काढलेल्या उत्तराप्रमाणे वेग ९५ टक्के होतो ३.९ पट्ट्यांवर, ९९ टक्के होतो ४.९१ पट्ट्यांवर आणि ९९.९ टक्के होतो ६ पट्ट्यांवर. म्हणजे तीच प्लेट, तीच हवा, तीच जागा, पण जाडी ३.४ मिमी म्हण, ४.३ म्हण नाहीतर ५.२ म्हण. तिन्ही बरोबर. पुस्तकात जो ५ चा आकडा दिसतो तो या ४.९१ चाच सोयीसाठी गोल केलेला.

नळीतला वारा
हिशेबींनी आकडे दिलेत, मी ती पट्टी येते कुठून ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

हवा प्लेटच्या टोकाशी येते तेव्हा तिला प्लेट आहे हे माहीतच नसतं. टेकल्या क्षणी सगळ्यात खालचा पापुद्रा थांबतो. तो थांबला की त्याच्या वरचा पापुद्रा त्याच्याशी घासून मंदावतो, मग त्याच्या वरचा, असं करत "खाली भिंत आहे" ही बातमी वर वर झिरपत जाते. हे झिरपणं अगदी उष्णता पसरते तसंच असतं, म्हणजे दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो, म्हणून टी सेकंदात बातमी साधारण न्यू गुणिले टी याच्या वर्गमूळाइतकी वर पोचते. आणि हवेला टोकापासून एक्सपर्यंत यायला वेळ किती मिळाला? एक्स भागिले यू. घाल वरच्या सूत्रात, झाली पट्टी तयार. आपल्या उदाहरणात हवेला फक्त ०.०५ सेकंद मिळालाय आणि तेवढ्यात बातमी चार-पाच मिलिमीटर वर पोचलीये. मला स्वतःला जाडीचा अर्थ असाच लावायला आवडतो, की भिंतीची खबर आत्तापर्यंत किती उंचीवर गेलीये. खबर गेलेल्या आणि न गेलेल्या हवेत कुंपण नसतं, वर वर जाल तशी ती नुसती पुसट होत जाते, आणि ९९ टक्के म्हणजे आपण ठरवलेला पुसटपणा.

पंख्याच्या पात्यावरची धूळ बघितलीस ना कधी? पातं हवेतून इतक्या वेगाने कापत जातं आणि तरी धूळ चिकटून, बोटाने पुसली तरच निघते. हिशेब कर. पात्याला १० मीटर प्रति सेकंदाचा वारा लागतोय धरू, पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटर आत बघू. तिथे ९९ टक्केवाली जाडी सुमारे १.३ मिमी. आणि धुळीचा कण समज ०.०१ मिमी उंच. त्या उंचीवर हवेचा वेग येतो सेकंदाला फक्त १२ सेंटिमीटर. बाहेर १० मीटर आणि कणाच्या डोक्यावर १२ सेंटिमीटर! त्या कणाला वारा असा लागतच नाही. (फिरत्या पात्यावरचा प्रवाह सपाट प्लेटइतका सरळ नसतो, त्यामुळे आकडा अंदाजाचा समज, पण चित्र खरं आहे.)

पाऊलवाट
मध्येच विचारतो, माझा गोंधळ वेगळा आहे. वेग वाढवला की घर्षण वाढतं हे तर सगळेच म्हणतात, मग घर्षणाचा थरही जाड व्हायला हवा ना? आणि सूत्रात तर यू खाली छेदात आहे, म्हणजे वेग वाढला की थर पातळ. हे उलटं नाही का होत?

हिशेबी
पाऊलवाट, उलटं नाही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वेग चौपट केला तर हवेला त्या जागी पोचायला वेळ चौथाई, म्हणून खबर निम्म्याच उंचीपर्यंत गेली, थर निम्मा झाला. पण आता भिंतीवरचा शून्य वेग आणि बाहेरचा चौपट वेग यांच्यातलं अंतर निम्मं झालंय. म्हणजे वेगाचा चढ चौपट गुणिले दुप्पट, आठपट तीव्र. भिंतीवरचा घर्षणाचा ताण या चढावरच ठरतो, म्हणून तोही आठपट. थर पातळ म्हणजे घर्षण कमी ही समजूत इथेच काढून टाक, लॅमिनार प्लेटवर थर जितका पातळ तितकी भिंत जास्त ओढली जाते. प्लेटच्या अगदी पुढच्या टोकाशी थर सगळ्यात पातळ आणि घर्षण सगळ्यात जास्त, ते याच कारणाने.

पाऊलवाट
ओके, चढावर ठरतं हे डोक्यात बसलं. धन्यवाद.

दुसरा पेपर
वारादादा, खबर झिरपण्याचं चित्र मस्त बसलं डोक्यात, पंख्याचं तर लगेच जाऊन बघितलं. आता ती रेघ. कड आखीव नाही हे पटलं, पण तरीही ४.३ मिमीवर मी पेन्सिलने रेघ मारली तर तिच्यातून हवा आत येते की नाही? आणि येत असेल तर आपण तर म्हणतो की भिंत हवेला वर ढकलते, बाहेर लोटते. मग एकाच वेळी बाहेर लोटते पण आणि आत पण घेते? इथे मी कालपासून फिरतोय.

हिशेबी
हा प्रश्न फार चांगला आहे, आणि याचंच उत्तर तुझ्या दुसऱ्या जाडीचं उत्तर आहे, त्यामुळे जरा सावकाश लिहितो.

आपली तीच जागा. प्लेटच्या टोकापासून अर्धा मीटर, थराची कड ४.३ मिमीवर. थरातली हवा मंद आहे, म्हणजे पूर्ण वेगाने गेली असती तर जेवढी हवा या ४.३ मिमीतून गेली असती त्यापेक्षा कमी जातेय. किती कमी? ही तूट मोजायचं इंटिग्रल म्हणजेच डिस्प्लेसमेंट थिकनेस. लॅमिनार प्लेटला ती येते १.७२ पट्ट्या, म्हणजे १.५ मिमी. अर्थ असा की या ४.३ मिमीतून जी हवा चाललीये ती पूर्ण वेगाने जायची तर तिला २.८ मिमीच पुरले असते. बरोबर? ४.३ वजा १.५.

आता मागे जा, प्लेटच्या टोकाशी. तिथे सगळी हवा पूर्ण वेगाने येत होती. म्हणजे टोकापाशी जी हवा भिंतीपासून २.८ मिमी उंचीवर होती तीच अर्ध्या मीटरवर ४.३ मिमीला दिसतेय. तिची प्रवाहरेषा २.८ पासून ४.३ पर्यंत चढली, दीड मिमी. बाहेर लोटलं जाणं ते हे. पण कड मात्र टोकाशी शून्यावर होती आणि ती शून्यापासून ४.३ पर्यंत चढली. प्रवाहरेषा चढली दीड, कड चढली ४.३, मग कोण कुणाला गाठणार? कडेने प्रवाहरेषेला खालून येऊन गाठलं. त्या हवेला कुणी आत ओढलेलं नाही, ती आपल्या वाटेने जरा वर सरकतच चालली होती, पण खबर तिच्यापेक्षा भराभर वर येत होती आणि अर्ध्या मीटरवर येऊन तिला भेटली. रेघेतून हवा आत शिरते याचा अर्थ एवढाच.

पडताळा हवा असेल तर त्या जागचा चढ काढ. कड तिथे एका मीटरला ४.३ मिमी या चढाने वर चाललीये, आणि बाहेरची हवा एका मीटरला १.५ मिमी या चढाने. वेगात सांगायचं तर १० मीटर पुढे जाणारी हवा सेकंदाला दीड सेंटिमीटर वर सरकतेय. ब्लासियसच्या उत्तरात कडेवरचा उभा वेग ०.८६ गुणिले यू भागिले रेनॉल्ड्स नंबरचं वर्गमूळ असा येतो, घालून बघ, तेवढाच येईल.

दुसरा पेपर
थांबा थांबा. म्हणजे बाहेरच्या हवेला प्लेट सपाट दिसतच नाही, तिला दीड मिमीपर्यंत हळूहळू उंच होत गेलेली प्लेट दिसते?

हिशेबी
अगदी तेच. बाहेरच्या हवेपुरती प्लेट तेवढी फुगलीये. डिस्प्लेसमेंट थिकनेस म्हणजे ती फूग.

नळीतला वारा
या फुगीने माझे दोन आठवडे खाल्ले होते, म्हणून लिहितो. शिकत असताना छोट्या विंड टनेलवर काम करत होतो, चौकोनी नळी, आतून १०० मिमी बाय १०० मिमी. वेग मोजायचो नळीच्या तोंडाशी आणि मॉडेल होतं अर्धा मीटर आत. ड्रॅग कोएफिशंट (हवेच्या अडथळ्याचा गुणांक) अपेक्षेपेक्षा १२-१३ टक्के जास्त येत होता, प्रत्येक वेळी, कितीही काळजी घेतली तरी. बॅलन्स (जोर मोजायचा काटा) तपासला, तारा बदलल्या, मॉडेल परत घासून गुळगुळीत केलं. शेवटी कळलं की चारी भिंतींवर दीड दीड मिमीची फूग आलीये, म्हणजे हवेपुरती नळी १०० ची ९७ झालीये, दोन्ही बाजूंनी. क्षेत्रफळ ६ टक्के घटलं, म्हणून मधल्या हवेचा वेग ६ टक्के वाढला, आणि जोर वेगाच्या वर्गावर जातो म्हणून १३ टक्के. मॉडेलचं काहीच चुकलं नव्हतं, मी वेग चुकीच्या जागी मोजत होतो. चांगल्या टनेलमध्ये भिंती मागे जाताना किंचित पसरट ठेवतात ते नेमकं या फुगीला जागा द्यायला.

आणि बघ, इथे ४.३ चा काही उपयोग झाला नाही, कामाला आली ती १.५.

केमिकल काकू
छान चाललाय धागा. नळीचा विषय निघालाच आहे तर एक भर घालते. पाइपमध्ये हेच थर चहूबाजूंनी वाढत जातात आणि शेवटी मध्यावर एकमेकांना भेटतात, त्यानंतर बाहेरचा प्रवाह असं काही उरतच नाही, सगळा पाइपच बाउंडरी लेअर. लॅमिनार प्रवाहात ही भेट व्हायला साधारण ०.०६ गुणिले रेनॉल्ड्स नंबर इतके व्यास लागतात. २ सेंटिमीटरचा पाइप आणि रेनॉल्ड्स नंबर १००० असेल तर सव्वा मीटरच्या आसपास. त्याच्या आधी प्रेशर गेज लावलं तर पुस्तकातलं पाइपचं सूत्र जुळणार नाही, आमच्याकडे नवीन मुलं इथे हमखास अडतात.

उष्णतेलाही असाच स्वतःचा थर असतो बरं का. तो वेगाच्या थरापेक्षा जाड की पातळ ते प्रांटल नंबर ठरवतो, म्हणजे वेगाची खबर उष्णतेच्या मानाने किती भराभर पसरते ते. हवेचा ०.७ म्हणजे दोन्ही थर जवळपास सारखे, पाण्याचा ७ च्या आसपास म्हणजे उष्णतेचा थर वेगाच्या थराच्या निम्म्याएवढा, तेलात तर फारच पातळ, आणि पाऱ्यात बरोबर उलटं, उष्णता वेगाच्या कितीतरी पुढे पळते. एकाच भिंतीवरून दोन खबरी वेगवेगळ्या चालीने वर जातात असं समज.

दुसरा पेपर
काकू धन्यवाद, पाण्याचं आणि पाऱ्याचं लिहून ठेवलं. आता राहिली मोमेंटम थिकनेस. मी अंदाज करतो, चुकलं तर सांगा. डिस्प्लेसमेंटवाली हवेची तूट सांगते, तर ही संवेगाची तूट सांगणार. पण मग इंटिग्रलमध्ये (१ वजा यू भागिले यू बाहेर) याला आणखी एकदा यू भागिले यू बाहेरने का गुणायचं?

हिशेबी
अंदाज बरोबर. गुणायचं कारण असं की जी हवा प्रत्यक्ष जातेय तिच्याच संवेगाची तूट मोजायचीये. एखाद्या उंचीवरून हवा जाते छोट्या यूच्या (त्या उंचीवरच्या वेगाच्या) प्रमाणात, आणि त्यातल्या प्रत्येक किलोने गमावलाय मोठा यू वजा छोटा यू इतका वेग. दोघांचा गुणाकार म्हणजे त्या उंचीवरचं नुकसान. भिंतीला चिकटलेली हवा जातच नाही म्हणून तिचा हिशेबात वाटा शून्य, आणि बाहेरच्या हवेचं काही गेलेलं नाही म्हणून तिचाही शून्य. नुकसान सगळं मधल्या भागात.

हे नुकसान गेलं कुठे? प्लेटला ओढण्यात. म्हणून टोकापासून एका जागेपर्यंत प्लेटवर एकूण किती ओढ बसली ते घनता गुणिले यूचा वर्ग गुणिले त्या जागची मोमेंटम थिकनेस, इतकं सरळ येतं. आपल्या जागी ती ०.६६४ पट्ट्या, म्हणजे ०.५७५ मिमी. घनता १.२ घेतली तर एक मीटर रुंद प्लेटच्या एका बाजूवर ०.०६९ न्यूटन. साधारण ७ ग्रॅम वजनाएवढी ओढ. आता दुसऱ्या वाटेने ये, एकूण घर्षणाचा कोएफिशंट १.३२८ भागिले वर्गमूळ रेनॉल्ड्स नंबर, त्याने काढ, पुन्हा ०.०६९च.

मला यातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं तर प्लेटला हातसुद्धा न लावता, फक्त तिच्या शेवटी उभं राहून हवेचा वेग उंचीप्रमाणे मोजला की तिच्यावर सुरुवातीपासून किती ओढ बसली ते सगळं कळतं. हवेने तो हिशेब सोबत वाहून आणलेला असतो. फॉन कार्मानने १९२१ मध्ये हेच धरून आपलं मोमेंटम इंटिग्रल समीकरण मांडलं.

जाळीवाला
सीएफडीच्या (कॉम्प्युटरवर प्रवाह सोडवण्याच्या) बाजूने लिहितो, कारण प्रत्यक्ष कामात ९९ टक्केवाली जाडी मला सगळ्यात जास्त त्रास देते.

पहिली गोष्ट, वरचं सगळं लॅमिनार आहे. तीच प्लेट, तोच वेग, पण टोकाशीच एखादी तार किंवा खरखरीत पट्टी लावून थर टर्ब्युलंट केला तर अर्ध्या मीटरवर जाडी ०.३७ एक्स भागिले रेनॉल्ड्स नंबरचा एक पंचमांश घात या ठोकताळ्याने येते १४.५ मिमी. ४.३ च्या जागी साडेचौदा! कारण आता खबर नुसती झिरपत नाही, भोवरे तिला उचलून वर नेतात आणि वरची वेगवान हवा खाली आणून आपटतात. त्यामुळेच थर जाड होऊनही भिंतीजवळचा चढ लॅमिनारपेक्षा जास्त तीव्र असतो, घर्षण जास्त. हिशेबी जे म्हणाले थर पातळ तितकी ओढ जास्त, ते लॅमिनारपुरतंच.

आणि जाळी करताना, म्हणजे जागेचे हिशेबासाठी लहान लहान सेल पाडताना, १४.५ मिमीचा विचार पुरत नाही. भिंतीवरचा पहिला सेल वाय प्लस (घर्षणाच्या मापाने मोजलेलं भिंतीपासूनचं अंतर) १ ला ठेवायचा असेल तर याच उदाहरणात ती उंची ०.०३ मिमी येते. थराच्या जाडीचा साधारण पावणेपाचशेवा भाग. नवीन लोक थराची जाडी काढतात, तिचे समान दहा भाग करतात आणि मग घर्षण चुकलं म्हणून सॉल्व्हरला दोष देतात. सेल भिंतीपाशी बारीक आणि वर जाताना वाढते घ्यायचे, आणि एकूण थप्पी कडेच्या थोडी बाहेरपर्यंत न्यायची.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. सपाट प्लेटवर बाहेरचा वेग सगळीकडे एकच असतो म्हणून ९९ टक्के म्हणायला ठीक. विमानाच्या पंखावर बघा. वक्र पृष्ठभागाच्या वर थराच्या बाहेरसुद्धा वेग उंचीप्रमाणे बदलत राहतो, पृष्ठभागाजवळ जास्त आणि लांब जाल तसा कमी. मग ९९ टक्के कशाचे? माझ्या एका रनमध्ये स्क्रिप्टने लांबच्या प्रवाहाच्या वेगाचे ९९ टक्के शोधले, तो वेग थराच्या पार आतच सापडला कारण पंखावरच्या हवेचा वेग मुळातच त्याच्यापेक्षा खूप जास्त होता, आणि जाडी खऱ्याच्या निम्मीसुद्धा आली नाही. तेव्हापासून मी अशा ठिकाणी वेगाच्या ऐवजी टोटल प्रेशर (दाब अधिक वेगाचा दाब) किंवा व्हॉर्टिसिटी (हवेचं स्वतःभोवती फिरणं) कुठे मावळते ते बघतो. घर्षणाची खबर पोचली नाही तिथे दोन्ही बदलत नाहीत, बाहेरचा वेग कसाही वळला तरी.

नळीतला वारा
जाळीवाल्यांना पूर्ण अनुमोदन, आणि मोजमापातही हाच त्रास आहे. पातळ पिटो नळी घेऊन भिंतीपासून वर वर सरकवत वेग मोजायचा असतो. कडेपाशी वेग इतका हळू बदलतो की ९८.५ आणि ९९.५ यांतला फरक मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या यंत्रावर) दिसेनासा होतो. हिशेब सांगतो, लॅमिनार थरात कडेपाशी वेग वाचण्यात अर्ध्या टक्क्याची चूक झाली तर जाडीत ५ ते ६ टक्क्यांची चूक होते. आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच प्लेटवर वाचन घेतलं होतं, माझी जाडी ४.६ आली, त्याची ४.०. अर्धा तास वाद घातला कुणाचा हात हलला म्हणून. मग दोघांच्या वाचनावरून डिस्प्लेसमेंट थिकनेस काढली तर दोन्ही दीडच्या जवळ, आणि वादच संपला.

पाऊलवाट
हे सगळं पहिल्यांदा कुणाला सुचलं? म्हणजे भिंतीजवळचा एवढासा थर वेगळा काढायचं.

केमिकल काकू
लुडविग प्रांटल. ऑगस्ट १९०४, हायडेलबर्गला गणितज्ञांचं तिसरं आंतरराष्ट्रीय संमेलन होतं तिथे त्यांनी वाचलं, वय २९. त्याआधी दीडशे वर्षं एक कोडं पडलेलं होतं, द'अलेम्बेरने १७५२ मध्ये दाखवलं होतं की घर्षण नसलेल्या द्रवात चालणाऱ्या वस्तूला अडथळाच होत नाही, शून्य ड्रॅग, आणि प्रत्यक्षात तर अडथळा सगळ्यांना दिसत होता. हवा-पाण्याची व्हिस्कॉसिटी इतकी कमी की ती सोडून द्यावी असंच वाटायचं. प्रांटलनी सांगितलं की सोडा, पण भिंतीजवळच्या पातळ थरात सोडू नका. हाताने फिरवायच्या चाकाचं पाण्याचं चॅनल बनवून, पाण्यात बारीक चकचकीत कण सोडून ते प्रवाह बघायचे. १९०८ मध्ये त्यांचा विद्यार्थी ब्लासियस याने सपाट प्लेटचं उत्तर काढलं, वर सगळे ज्याचे आकडे वापरतायत ते. मराठीत याला सीमास्तर म्हणतात, मला तो शब्द आवडतो, पण कामावर बाउंडरी लेअरच तोंडात बसलंय.

दुसरा पेपर
ते ४.९१, १.७२, ०.६६४ हे आकडे मला स्वतः काढून बघायचेत, नुसते मान्य करायचे नाहीत. स्प्रेडशीटमध्ये जमेल का? ब्लासियसचं समीकरण तिसऱ्या ऑर्डरचं आहे आणि भिंतीवरची दोनच मूल्यं माहीत आहेत, तिसरं, म्हणजे भिंतीवरचा चढ, माहीत नाही.

हिशेबी
जमेल, आणि अंदाज करत बसायची गरज नाही. भिंतीवरचा चढ सरळ १ धर आणि चालवत वर जा. वर गेल्यावर वेग १ ला स्थिरावायला हवा होता, तो दुसऱ्याच कुठल्यातरी आकड्याला स्थिरावेल. या समीकरणाचा गुण असा की तो आकडा घ्यायचा, त्याचा दीड घात करायचा आणि १ ला त्याने भागायचं, की भिंतीवरचा खरा चढ मिळतो. मग त्या चढाने परत एकदा चालव. तीन कॉलम, एफ, एफ प्राइम (वेग), एफ डबल प्राइम (वेगाचा चढ), पायरी ०.०१ ठेव, जास्त ठेवलीस तर चूक साठत जाईल. शेवटी एफ प्राइमवरून दोन्ही बेरजा कर.

जाळीवाला
आणि बेरजा झाल्या की एकीला दुसरीने भाग. त्या भागाकाराला शेप फॅक्टर म्हणतात, लॅमिनार प्लेटला तो २.५९ यायला हवा. टर्ब्युलंट थरात तो १.३-१.४ च्या घरात असतो कारण वेगाचा आलेख भिंतीजवळ भरलेला असतो. थर भिंत सोडायच्या बेतात आला की हा आकडा चढायला लागतो, आम्ही पंखाच्या मागच्या भागात जाडीपेक्षा यावरच जास्त नजर ठेवतो.

दुसरा पेपर
झालं! दोन संध्याकाळी गेल्या पण झालं. पहिल्यांदा पायरी ०.१ ठेवली होती, आकडे जवळ आले पण जुळेनात, मग ०.०१ केली. चढ १ धरून चालवलं तर वेग स्थिरावला २.०८५ ला. दीड घात ३.०१, उलटा केला तर ०.३३२. तो घालून परत चालवलं आणि एफ प्राइमचा कॉलम खाली खाली सरकवत गेलो, ०.९५ दिसलं ३.९ च्या जरा पुढे, ०.९९ दिसलं ४.९१ ला. त्या ओळीवर मी थोडा वेळ थांबलो होतो, वरची ओळ आणि खालची ओळ यांत चौथ्या दशांशात फरक, तिथे खरंच काहीही घडत नाही.

मग बेरजा. ईटा (पट्ट्यांत मोजलेली उंची) ८ पर्यंत केली तर डिस्प्लेसमेंट १.७२१ आणि मोमेंटम ०.६६४, भागाकार २.५९. मग मुद्दाम ५ लाच थांबवली, १.७१७ आणि ०.६६०. म्हणजे कड इकडे धरली काय आणि तिकडे धरली काय, या दोघींना अर्ध्या टक्क्याच्या आसपासच फरक पडतो, आणि पहिलीला मात्र ९९ चं ९९.९ केलं की ४.९१ चे थेट ६ होतात. वारादादांच्या ४.६ आणि ४.० चा वाद का मिटला ते आता कळलं.

उद्या हीच शीट घेऊन त्या रेघेतून आत शिरणाऱ्या हवेच्या उदाहरणाला बसतो. आत शिरणारी हवा म्हणजे कड वजा फूग, ४.९१ वजा १.७२, ३.१९ पट्ट्या. बरोबर ना?

हिशेबी
बरोबर. फक्त उत्तर लिहिताना यूने आणि घनतेने गुणायला विसरू नकोस, प्लेटच्या रुंदीनेही.